वेगवान ऑफेन्ससमोर आपली टीम टिकेल का? सामन्याआधी अंदाज बांधायची वही-पेन्सिलची रीत

१७ नोव्हेंबर २०१२च्या संध्याकाळी युजीनमधल्या ऑटझन स्टेडियममध्ये ओरेगॉन विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम उतरली, तेव्हा ती दहापैकी दहा सामने जिंकून आली होती. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पहिली होती आणि सामन्यामागे सरासरी ५४ गुण कुटत होती. समोर स्टॅनफर्ड. आधीच्या दोन वर्षांत याच ओरेगॉननं त्यांना ५२-३१ आणि ५३-३० असं धुतलं होतं. सट्टेवाले ओरेगॉनला सुमारे तीन टचडाऊनचं, म्हणजे एकवीसेक गुणांचं, झुकतं माप देत होते. सामना संपला तेव्हा फलकावर स्टॅनफर्ड १७, ओरेगॉन १४ होते, तेही जादा वेळेत.

मी तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात चौघांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. सामना चालू असताना चहा टाकायला उठलो आणि दूध वर येईस्तोवर ओरेगॉनचे चार प्ले होऊन गेले. माझ्या वहीत आदल्या रात्री लिहिलेला अंदाज होता: ओरेगॉन ४५, स्टॅनफर्ड २४. इतका सपशेल आपटल्यावर मी मागे जाऊन पाहिलं, की हा निकाल आधी दिसण्यासारखा होता का. पूर्ण नाही, पण बराच होता. मी फक्त चुकीचे आकडे बघत होतो. खालची रीत त्या खटाटोपातून तयार झाली. पुण्या-नागपूरहून एमएसला आलेल्या ज्यांना ऑक्टोबर उजाडला की लॅबमधले लोक ‘शनिवारी काय होणार?’ असं विचारतात, त्यांना ती कामाला येईल.

नियमांची उजळणी थोडक्यात करून घेऊ. हा अमेरिकन फुटबॉल. चार संधींत, म्हणजे चार डाऊनमध्ये दहा यार्ड पुढे जायचं. गेलात की नवे चार डाऊन. प्रत्येक संधीतला खेळ म्हणजे एक प्ले. चेंडू हातात असलेली टीम ऑफेन्स, अडवणारी डिफेन्स. चेंडू मिळाल्यापासून तो सोडेपर्यंतचा सगळा प्रवास म्हणजे एक ड्राइव्ह. टचडाऊनचे सहा गुण आणि वरच्या किकचा एक, फील्ड गोलचे तीन. एवढं पुरे.

पायरी १ : वेग कशाचा ते आधी ठरवा

‘फास्ट टीम’ म्हटलं की नवख्याला वाटतं, पळणारी पोरं चपळ असतील. असतातही, पण इथला वेग पळण्याचा नसतो, दोन प्लेंच्या मधल्या वेळेचा असतो. कॉलेज फुटबॉलमध्ये २००८पासून एक प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं; ते शून्यावर यायच्या आत पुढचा स्नॅप घ्यायचा, म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू करायचा. सावकाश खेळणारी टीम पाच-सात सेकंद उरेपर्यंत थांबते. कोच चिप केलीची ओरेगॉन वीसहून जास्त सेकंद शिल्लक असतानाच चेंडू उचलायची. हडल नाही, म्हणजे घोळका करणं नाही, चर्चा नाही. बाजूला उभे असलेले लोक भलभलत्या चित्रांचे मोठे फलक वर धरायचे आणि त्यातून पोरांना पुढचा प्ले कळायचा.

आता हा वेळ तुम्ही स्वतः मोजा. प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या एखाद्या सामन्याचं पूर्ण रेकॉर्डिंग घ्या, ठळक क्षणांची क्लिप नको, कारण त्यात नेमका मधला वेळच कापलेला असतो. शिट्टी ते पुढचा स्नॅप असं फोनच्या स्टॉपवॉचवर दोन-तीन ड्राइव्ह मोजून वहीत उतरवा. लगेच एक गोष्ट दिसेल: वेग सगळीकडे सारखा नसतो. ड्राइव्हच्या सुरुवातीला या टीमही तशा शांत असतात. पहिला फर्स्ट डाऊन मिळाला की गाडी सुटते, आणि मोठा प्ले झाला, समोरचे अजून धापा टाकत परत येतायत, की सगळ्यात जोरात. म्हणून अशा टीमविरुद्ध ड्राइव्हच्या पहिल्या तीन डाऊनमध्येच त्यांना रोखणं फार मोलाचं असतं. तुमच्या टीमचा डिफेन्स पहिल्या तीन डाऊनमध्ये किती वेळा पंट करायला, म्हणजे चेंडू लाथेनं लांब मारून सोडायला लावतो, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर हवा.

दुसरं बघायचं ते खेळाडूंची अदलाबदल. नियम असा आहे की ऑफेन्सनं माणूस बदलला तर डिफेन्सलाही बदलायला वेळ द्यावा लागतो. पंच चेंडूपाशी उभा राहून स्नॅप रोखून धरतो. ऑफेन्सनं माणूस बदललाच नाही, तर असा थांबा नाही. म्हणजे तेच अकरा जण ठेवून सलग खेळलं, की समोरच्याचा दमलेला, भलामोठा नोज टॅकल (पुढच्या फळीत मधोमध उभा राहणारा) मैदानातच अडकून पडतो. बाहेर ताज्या दमाचे तिघे उभे असतात आणि आत येता येत नाही. प्रतिस्पर्धी किती प्लेमागे माणूस बदलतो, तेही टिपा.

लोक म्हणतात, वेगामुळे डिफेन्स दमतो. माझ्या मते दमण्याचा मुद्दा थोडा फुगवलेला आहे. खरं नुकसान गोंधळानं होतं. एका लाइनबॅकरच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या मागे उभ्या डिफेंडरच्या, जागी उभे राहा. तुम्ही नुकतंच कुणाला तरी खाली पाडलंय. उठायचं, चेंडू कुठे ठेवलाय ते बघायचं, बाजूच्या कोचकडे मान वळवून खूण घ्यायची, ती उरलेल्यांना ओरडून सांगायची, समोर जास्त माणसं डावीकडे आहेत की उजवीकडे ते मोजायचं, आपली गॅप, म्हणजे आपण राखायची फट, शोधायची, पाय रोवायचे. एवढं सगळं दहा-बारा सेकंदांत. त्यातली एक गोष्ट राहिली की समोरचा निघून गेला. मग कोच शहाणपणा करतो आणि अवघड डाव बंद करून दोन-तीन सोपेच डाव ठेवतो. हेच तर ऑफेन्सला हवं असतं, कारण आता समोर काय येणार ते त्यांना आधीच ठाऊक असतं.

पायरी २ : सामन्यामागचे गुण खोडा, ड्राइव्हमागचे लिहा

माझी २०१२ची मुख्य चूक इथली होती. ५४ हा आकडा बघून माझे डोळे दिपले.

क्रिकेटवाल्या माणसाला हे पटकन समजेल. एका संघानं २८० केल्या, दुसऱ्यानं २४०. पण पहिल्यानं पन्नास षटकं खेळली आणि दुसऱ्यानं चाळीस, तर फलंदाजी कुणाची सरस? तसंच इथे. भराभर खेळणाऱ्या टीमच्या सामन्यात दोन्ही बाजूंना जास्त ड्राइव्ह मिळतात, त्यामुळे त्यांचे केलेले गुणही फुगतात आणि खाल्लेले गुणही. एखाद्या टीमनं १५ ड्राइव्हमध्ये ४२ गुण केले, तर ड्राइव्हमागे २.८. दुसरीनं ११ ड्राइव्हमध्ये ३३ केले, तर बरोबर ३. वर्तमानपत्रात पहिलीचा गाजावाजा होतो, पण भारी दुसरी असते.

प्रत्येक सामन्याचा ड्राइव्ह चार्ट सहज मिळतो. त्यातून तीन प्रकारच्या ड्राइव्ह वगळा: हाफ संपताना वेळ काढायला गुडघे टेकलेल्या, शेवटच्या दहा-वीस सेकंदांत मिळालेल्या, आणि निकाल लागून गेल्यावर राखीव पोरांनी खेळलेल्या. उरलेल्यांवर गुणांना भागा. हेच चार गणितं करा: त्यांचा ऑफेन्स, त्यांचा डिफेन्स, आपला ऑफेन्स, आपला डिफेन्स. डिफेन्सचे किंवा स्पेशल टीमचे (किकच्या वेळी खेळणाऱ्यांचे) टचडाऊन ऑफेन्सच्या खात्यात धरू नका.

जुने आकडे वापरताना एक सावधगिरी. २०२३पासून नियम बदलला आणि फर्स्ट डाऊन मिळाल्यावर घड्याळ थांबायचं बंद झालं. आता ते प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांतच थांबतं. त्यामुळे २०१२ची ‘सामन्यामागची’ सरासरी आणि आजची सरासरी शेजारी ठेवू नका. ड्राइव्हमागचा आकडा मात्र ठेवता येतो.

पायरी ३ : पुढची फळी, आणि तिच्यासाठी सगळ्यात जास्त वेळ द्या

अख्ख्या अंदाजातला अर्धा भार मी एकट्या या पायरीला देतो.

वेगवान ऑफेन्स बघताना डोळा लांब पासांकडे जातो, पण ओरेगॉनचं मूळ हत्यार धावणं होतं, त्यातही झोन रीड. हा प्ले एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्सचा सूत्रधार, हा स्नॅप देणाऱ्या सेंटरपासून चार-पाच यार्ड मागे उभा; चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक त्याच्या शेजारी. स्नॅप झाला की ऑफेन्सची पूर्ण लाइन एका दिशेला सरकते आणि उलट्या टोकाच्या डिफेंडरला मुद्दाम मोकळं सोडते. त्याला कुणी हातही लावत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरून ठेवतो आणि डोळे त्या मोकळ्या माणसावर रोखतो. तो बॅकच्या मागे आत धावला, तर चेंडू काढून घेऊन क्वार्टरबॅक स्वतः बाहेरून पळतो. तो जागीच थांबला, तर चेंडू बॅकला देऊन टाकतो. म्हणजे डिफेन्सचा एक माणूस कुणी न अडवताच बाद झाला, आणि वाचलेला ब्लॉकर दुसऱ्या कुणावर तरी जाऊन पडला.

यावर उतारा आहे: टोकाच्या माणसानं बॅक घ्यायचा, त्याच्या मागून लाइनबॅकरनं सरकत येऊन क्वार्टरबॅक घ्यायचा. पण हे दोघांनाही दर वेळी, धापा टाकतानाही, आठवायला हवं. दोघेही बॅकवर धावले की बाहेर पटांगण मोकळं.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: आपली टीम पुढच्या सहा जणांत धाव रोखते, की मागून सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभा डिफेंडर, खाली बोलवावा लागतो? सेफ्टी खाली आला की मागे भगदाड पडतं आणि लांब पास लागतो. स्टॅनफर्डकडे २०१२ साली पुढच्या फळीत ट्रेंट मर्फी, चेस थॉमस, शेन स्कोव्ह, बेन गार्डनर, हेन्री अँडरसन अशी जाडजूड, शिस्तीची पोरं होती आणि डेरेक मेसन हा डिफेन्सचे डाव आखणारा कोऑर्डिनेटर होता. मागचे दोघे सेफ्टी त्यांना बऱ्याच वेळा मागेच ठेवता आले. केन्जन बार्नर हा ओरेगॉनचा धडाकेबाज बॅक त्या दिवशी ६६ यार्डांवर अडला आणि ओरेगॉनला तिसऱ्या डाऊनवर १७पैकी फक्त ४ वेळा यश आलं.

हा अपवाद नव्हता. जानेवारी २०११च्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात ऑबर्ननं ओरेगॉनला २२-१९नं हरवलं, तेव्हा निक फेअरली आणि मंडळींनी त्यांना धावून ७५च यार्ड करू दिले. पुढे १२ जानेवारी २०१५ला ओहायो स्टेटनं ४२-२० असं हरवलं ते उलट बाजूनं: त्यांच्या लाइननं ओरेगॉनच्या डिफेन्सला मागे रेटलं आणि इझिकिएल एलियट एकटा २४६ यार्ड धावला. सामना दोन्ही वेळा चेंडूजवळच्या त्या तीन-चार फुटांतच ठरला.

तपासायला सोपा उपाय: आपल्या टीमचा चांगल्या धावणाऱ्या टीमविरुद्धचा सामना काढा आणि पहिल्या डाऊनवर समोरच्याला सरासरी किती यार्ड दिले ते मोजा. तीन-साडेतीन असेल तर आशा आहे. साडेपाच असेल तर पुढच्या पायऱ्या केवळ हौस म्हणून वाचा.

पायरी ४ : निसटलेला माणूस कुठे पकडला जातो

अशा टीमविरुद्ध मोठे प्ले होणारच. एकही होऊ न देणारा डिफेन्स मी पाहिलेला नाही. बघायचं ते हे, की निसटलेला माणूस चाळीस यार्डांवर पकडला जातो की गोलरेषेपलीकडे.

त्या सामन्यातच याचा एक प्रसंग आहे, तो शोधून जरूर बघा. पहिला क्वार्टर. ओरेगॉनचा नवखा क्वार्टरबॅक मार्कस मारिओटा चेंडू घेऊन सुटला, तो सुटलाच. त्याच्या पुढे त्याचाच साथीदार डिअँथनी थॉमस पळतोय, देशातल्या सर्वात चपळ पोरांपैकी एक. मागून स्टॅनफर्डचा सेफ्टी डेव्हन कॅरिंग्टन येतोय. थॉमसनं मान वळवून त्याला एक धक्का दिला असता तरी काम झालं असतं. त्यानं मान वळवली नाही. तो आपला पुढेच पळत राहिला. ७७ यार्डांनंतर, गोलरेषेच्या साधारण पंधरा यार्ड अलीकडे, कॅरिंग्टननं मारिओटाला गाठलं. पुढच्या चार डाऊनमध्ये ओरेगॉनला टचडाऊन करता आलं नाही, चौथ्या डाऊनवर जोखीम घेतली तीही फसली, आणि ७७ यार्ड पळून गुण मिळाले शून्य. ज्या सामन्याचा निकाल तीन गुणांनी लागला त्यात हे सात गुण धरून बघा.

म्हणून वहीत दोन रकाने: आपल्याविरुद्धच्या वीस यार्डांवरच्या प्लेंपैकी किती थेट टचडाऊन झाले, आणि प्रतिस्पर्धी शेवटच्या वीस यार्डांत आल्यावर टचडाऊन किती, फील्ड गोल किती. शेवटच्या वीस यार्डांत मैदानच आखूड होतं, त्यामुळे वेगवान टीमची पसरण्याची ऐट तिथे निम्मी होते. जो डिफेन्स तिथे तीनवर रोखतो तो हरतानाही सामन्यात राहतो.

पायरी ५ : आपल्या ऑफेन्सला चेंडू धरता येतो का

७ नोव्हेंबर २०१३, या वेळी स्टॅनफर्डच्या घरी. चेंडू स्टॅनफर्डकडे ४२ मिनिटं ३४ सेकंद होता. सामना असतो साठ मिनिटांचा! त्यांच्या टायलर गॅफनीनं ४५ वेळा चेंडू घेऊन १५७ यार्ड केले. पंचेचाळीस वेळा एकच माणूस भिंतीवर डोकं आपटतोय, तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन. ओरेगॉनला धावून मिळाले ६२ यार्ड. शेवटच्या क्वार्टरमध्ये एका टप्प्याला फलकावर २६-० होते.

यावरून लोक ‘ताबा जास्त वेळ ठेवा आणि जिंका’ असं सूत्र काढतात. थांबा. ताब्याचा वेळ हे कारण नाही, परिणाम आहे. तिसऱ्या डाऊनवर तीन यार्ड हवे असताना ते मिळतात, म्हणून ड्राइव्ह चालू राहते, म्हणून वेळ जातो. मिळत नसतील तर नुसतं सावकाश खेळून काही होत नाही. उलट दोन मिनिटं घालवून पंट करता आणि समोरचा चाळीस सेकंदांत टचडाऊन करून येतो. तेव्हा घड्याळ बघू नका, तिसरा डाऊन आणि एक ते तीन यार्ड बाकी, अशा वेळी आपली टीम दहापैकी किती वेळा पुढे जाते ते बघा. सात असेल तर उत्तम, पाचला रडतखडत.

त्याच २०१३च्या सामन्याची दुसरी बाजूही सांगतो. स्टॅनफर्डचे २६ गुण म्हणजे दोन टचडाऊन आणि चार फील्ड गोल. पाचवी किक ओरेगॉननं अडवली आणि चेंडू उचलून थेट टचडाऊन केलं. शेवटच्या क्वार्टरमध्ये ओरेगॉनचे वीस गुण झाले, अंतिम फलक २६-२०. तीन-तीननं गुण जमवत राहिलं की वेगवान टीम सामन्यात जिवंत राहते. त्यांना वीस गुणांना वेळ किती लागतो? फारसा नाही.

सावकाश खेळण्याचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो फक्त दुबळ्या बाजूला होतो. ड्राइव्ह कमी झाल्या की नशिबाचा वाटा वाढतो. कसोटीत नवखा संघ दादा संघाला क्वचितच हरवतो, वीस षटकांच्या सामन्यात बरेचदा हरवतो; पावसानं आठ षटकांचा झाला तर विचारूच नका. बारा-तेराऐवजी नऊ ड्राइव्हचा सामना केला की दुबळ्या टीमला तीच संधी मिळते. आपली टीम सरस असेल तर मात्र मुद्दाम वेळ काढणं हा शुद्ध आत्मघात. कोच असं करताना दिसला तर अंदाजातून तीन गुण कापा.

पायरी ६ : कॅलेंडर

ही पायरी छोटी, पण माझी आवडती. चिप केली ओरेगॉनचा मुख्य कोच होता २००९ ते २०१२. ४६ विजय, ७ पराभव. ते सात पराभव तारखेनुसार मांडा. बॉयसी स्टेट २००९, मोसमाचा पहिलाच सामना, ८-१९. स्टॅनफर्ड २००९. मग १ जानेवारी २०१०चा रोझ बोल, ओहायो स्टेट. जानेवारी २०११, ऑबर्न. मग २०११चा पहिला सामना, एलएसयू. त्याच वर्षी यूएससी. शेवटी स्टॅनफर्ड २०१२.

सातपैकी चार पराभव असे, की समोरच्याला तयारीला तीन-चार आठवडे किंवा अख्खा उन्हाळा मिळाला होता. एरवी कोचला मंगळवार ते गुरुवार एवढेच दिवस मिळतात, आणि दुय्यम पोरांकडून त्या वेगाची नक्कल करून घेणं तीन दिवसांत जमत नाही. आपल्या टीमला आधीचा आठवडा मोकळा आहे का, ते बघा. असेल तर दोन-तीन गुण आपल्या बाजूला. आधीच्या शनिवारी अशाच वेगाच्या टीमशी खेळून आली असेल, तर डोळ्यांना सवय झाली म्हणून थोडं, पण दुखापती झाल्या असतील म्हणून तेवढंच वजा.

पायरी ७ : मैदान, आवाज, पाऊस आणि लंगडणारे खेळाडू

५ नोव्हेंबर २०२२ला टेनेसी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्लेऑफच्या क्रमवारीत पहिली म्हणून अमेरिकेतल्याच अथेन्स गावी जॉर्जिया विद्यापीठाकडे गेली. तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी अलाबामाला ५२-४९ असं हरवलं होतं, त्यात जेलिन हायटचे एकट्याचे पाच टचडाऊन. सॅनफर्ड स्टेडियममध्ये नव्वद हजारांवर माणसं बसतात आणि त्या दिवशी ती बसलीच नाहीत, उभी राहून ओरडत होती. वेगवान ऑफेन्सला आवाज दुप्पट भोवतो, कारण त्यांचा धंदाच झटपट खुणेवर चालतो. लाइनवाल्याला स्नॅपचा इशारा ऐकू आला नाही की तो आधीच हलतो आणि पाच यार्ड मागे. टेनेसीकडून असे फॉल्स स्टार्ट पुन्हा पुन्हा झाले. जॉर्जियानं त्यांच्या क्वार्टरबॅकला सहा वेळा पाडलं, नंतर पाऊसही आला. निकाल २७-१३.

म्हणजे सामना आपल्या घरी, रात्री आणि तिकिटं संपलेली असतील, तर ते फक्त वातावरण म्हणून सोडून देऊ नका, त्याला गुणांत धरा. मी तीन धरतो. पावसाचा अंदाज असेल तर अजून एक.

आता लंगडणाऱ्यांबद्दल. वेग मोडायला डिफेन्सचा एखादा खेळाडू अचानक पाय धरून खाली बसतो, दोन प्लेनंतर टुणटुणीत परत येतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. २०१०मध्ये कॅलिफोर्नियानं ओरेगॉनला १५ गुणांवर रोखलं (तरी ओरेगॉनच जिंकलं, १५-१३), त्यात असं सोंग करायला सांगितल्याबद्दल एका सहायक कोचला नंतर एका सामन्यासाठी बसवलं गेलं. २०२५पासून नियम आला: चेंडू पुढच्या प्लेसाठी ठेवल्यावर दुखापत म्हणून वैद्यकीय माणूस आत आला तर त्या टीमचा टाइमआऊट जातो, टाइमआऊट उरला नसेल तर पाच यार्डांचा दंड. तेव्हा ज्या टीमचा गेल्या वर्षांतला भरवसा अशा ‘दुखापतीं’वर होता, तिचे जुने आकडे थोडे घासून घ्या.

पायरी ८ : क्वार्टरबॅक तोच आहे का, आणि कसा आहे

स्टॅनफर्डनं दोनदा ओरेगॉनला अडवलं, तेव्हा मेसनच्या डावपेचांची वाहवा झाली. ती रास्तच होती. पण २०१२चा मारिओटा पहिल्या वर्षाचा होता आणि २०१३मध्ये तो गुडघा दुखत असताना खेळत होता. १ नोव्हेंबर २०१४ला तो धडधाकट होता, त्या वर्षीचा हाइझमन करंडक, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, जिंकणार होता. आणि स्टॅनफर्डकडून मेसन व्हँडरबिल्टला गेला होता, मर्फी आणि स्कोव्हही कॉलेज संपवून गेले होते. निकाल ओरेगॉन ४५, स्टॅनफर्ड १६. जर्सी त्याच, पण माणसं बदललेली. ‘आपण यांना मागच्या वर्षी हरवलंय’ हे वाक्य वहीत लिहूच नका.

पायरी ९ : बेरीज

आता दोन्ही टीमच्या ड्राइव्हमागच्या आकड्यांतून मधला आकडा काढा, म्हणजे त्यांचा ऑफेन्स ३.५ आणि आपला डिफेन्स १.५ देत असेल तर २.५. त्याला अपेक्षित ड्राइव्हनं गुणा. ड्राइव्ह किती होतील हे पायरी १ आणि ५ सांगतात. मग कॅलेंडर, मैदान, क्वार्टरबॅक यांचे दोन-तीन गुण इकडे-तिकडे करा. एकच आकडा लिहू नका, पल्ला लिहा.

१६ नोव्हेंबर २०१२च्या रात्री मी हे केलं असतं तर? स्टॅनफर्ड ८-२, दोन्ही पराभव एकेका टचडाऊनच्या आतले, वॉशिंग्टनकडून १३-१७ आणि नोत्र दामकडून जादा वेळेत १३-२०. म्हणजे या दोन्ही सामन्यांत डिफेन्सनं समोरच्याला मोकळं सोडलं नव्हतं, ऑफेन्स मात्र ठणठणीत कोरडा. क्वार्टरबॅक केविन होगनची कॉलेजमध्ये सामन्याच्या सुरुवातीपासून खेळण्याची ही दुसरीच वेळ. मैदान परक्याचं. पण पुढची फळी तगडी आणि रनिंग बॅक स्टेफन टेलर चेंडू धरून ठेवणारा. मी ओरेगॉनला २४ ते ३१ दिले असते, स्टॅनफर्डला १७ ते २४. जिंकणार ओरेगॉनच म्हटलं असतं, पण ४५ कधीच लिहिले नसते. टेलरनं त्या दिवशी १६१ यार्ड केले. शेवटची दीड मिनिटं उरली असताना स्टॅनफर्डच्या झॅक अर्ट्झनं गोलरेषेपलीकडे झेल घेतला, पंचांनी आधी नाकारला, रिप्ले बघून दिला. जादा वेळेत ओरेगॉनची ४१ यार्डांवरून मारलेली किक डाव्या खांबाला लागून परत आली आणि स्टॅनफर्डच्या जॉर्डन विल्यमसनची ३७ यार्डांवरची आत गेली. खांबाचा अंदाज वहीत बसत नाही.

सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन ड्राइव्ह वही मिटून बघा. चेंडूकडे बघू नका, आपल्या सेफ्टींकडे बघा. स्नॅप व्हायच्या वेळी ते कोचकडे बघत दोन्ही तळवे वर करून ‘काय करू?’ असं विचारत असतील, तर पल्ल्याचं वाईट टोक धरा. गुडघे वाकवून, नजर समोर ठेवून उभे असतील तर चांगलं टोक. आणि चहा टाकायचा असेल तर आपल्या टीमकडे चेंडू असताना टाका. आलं घालून, दोनदा उकळी येऊ देऊन, गाळून कप घेऊन परत येईपर्यंत चेंडू अजून आपल्याकडेच असेल, तर हाफटाइमला अंदाज सुधारताना तीन गुण आपल्या बाजूला वाढवायला हरकत नाही.